बुद्धीची पारख

बैल विकत घ्यावयाचा झाला म्हणजे आम्ही शेतकरी किती चोखंदळ होतो, हे कोणीही बाजारात जाऊन पाहावे. दात पाहतो, खूर पाहतो, वशिंडावर हात फिरवितो, चार पावले चालवून पाहतो. आणि एवढ्यानेही समाधान झाले नाही तर जू खांद्यावर देऊन नांगराचे एक तास काढून पाहिल्याशिवाय पैशाला हात लावीत नाही. विकणाराने बैलाचे कितीही गोडवे गायिले तरी त्याच्या बोलण्यावर आमचा सौदा ठरत नाही. परंतु हेच आम्ही एखाद्या मनुष्याच्या बुद्धीविषयी मत बनवू लागलो म्हणजे ही सारी सावधगिरी कोठे जाते कोण जाणे! त्याचे कपडे, त्याच्या बोलण्याची ढब, त्यास सही करिता येते की तो अंगठा उठवितो, तो कोणाच्या घरचा, एवढे पाहिले की निकाल तयार. हा शहाणा, तो मूर्ख. बैलाच्या सौद्यात चूक झाली तर तिची किंमत आम्हांस रुपया-आण्यापर्यंत सांगता येते. मनुष्याविषयीच्या चुकीच्या मताची किंमत किती, ह्याचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही. तो थोडासा मांडून पाहावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. आमच्या मराठीत ह्या गुणासाठी शब्दांची वाण नाही. अक्कल, हुशारी, समज, जाण, चलाखी, शहाणपण हे सारे एकाच गोत्रातले. तथापि प्रत्येकाचा संसार वेगळा आहे. पाढे झटपट म्हणणाऱ्या मुलास आपण हुशार म्हणतो, शहाणा म्हणत नाही. बाजारात दुसऱ्यास टोपी घालणारा चलाख खरा, पण गावचा तंटा मिटविण्यास त्यास कोणी बोलावीत नाही. तेथे जाणता मनुष्य लागतो. आणि जाणता होण्यास वय, अनुभव व दुसऱ्याच्या मनात शिरण्याची ताकद लागते. ‘अति शहाणा त्याचा बैल रिकामा’ ही म्हण तर कोणा शेतकऱ्यानेच रचिली असली पाहिजे. इतके बारीक भेद जाणणाऱ्या आमच्या भाषेत एक शब्द मात्र फार घात करून बसला आहे, तो ‘अडाणी’. ज्यास लिहिता-वाचता येत नाही तो अडाणी, आणि ज्यास काही कळत नाही तोही अडाणी! दोन अगदी वेगळी जनावरे एकाच दाव्याला बांधली गेली, आणि मग एकास ओढले की दुसरेही ओढले जाऊ लागले.

शहरातील सुशिक्षित लोक शेतकऱ्यास मंदबुद्धीचा समजतात, ही आमची जुनी तक्रार आहे व ती रास्तही आहे. परंतु आपल्या घरात आपण काय करितो? चार मुलगे असले तर शाळेत पहिला येणारा नोकरीसाठी शहरात धाडावयाचा आणि मास्तरांनी ज्यास ‘ढ’ ठरविले तो नांगरामागे उभा करावयाचा, ही रीत कित्येक खातेदार घरांतून दोन-तीन पिढ्या चालत आली आहे. ओल केव्हा धरली, पेरणी केव्हा करावी, कोणते रान कोणत्या पिकाला द्यावे, कीड कोठवर सोसावी आणि फवारा केव्हा उचलावा, माल आज विकावा की थांबावे, असे शंभर निर्णय ज्या धंद्यात दर वर्षी अपुऱ्या माहितीवर घ्यावे लागतात, तो धंदा आम्ही आमच्याच मते कमी बुद्धीच्या मुलाच्या हाती देतो, आणि मग शेती आतबट्ट्याची झाली म्हणून कपाळाला हात लावितो. त्याहून वाईट हे की, तो मुलगा स्वतःही जन्मभर ‘आपल्याला काय कळते’ असेच म्हणत राहतो.

बुद्धी मोजण्याचे जे शास्त्रीय माप आज जगभर प्रसिद्ध आहे, त्याचा जन्म पॅरिस शहरी झाला. फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचे झाल्यावर वर्गात मागे पडणाऱ्या मुलांस निराळी मदत कशी द्यावी, असा प्रश्न उभा राहिला. आणि त्यासाठी आल्फ्रेड बिने ह्या मानसशास्त्रज्ञाने सिमॉन नामक डॉक्टराच्या साहाय्याने १९०५ साली तीस प्रश्नांची एक परीक्षा तयार केली. कोणत्या मुलास साहाय्य पाहिजे हे ओळखावे, एवढाच तिचा उद्देश होता. मनुष्याची बुद्धी जन्मतः ठरलेली असून ती वाढतच नाही, ह्या मताचा बिनेने १९०९ साली स्पष्ट निषेध केला होता. पण १९११ साली तो वारला, आणि त्याचे माप अमेरिकेत गेल्यावर त्याचा उपयोग भलताच होऊ लागला. पहिल्या महायुद्धात, १९१७ पासून, तेथील सैन्यात दाखल होणाऱ्या सुमारे साडेसतरा लाख लोकांची बुद्धी अशाच परीक्षांनी मोजण्यात आली. तीत अमुक नावाचा माल हे औषध आहे की खाण्याचा पदार्थ, अमुक गृहस्थ लेखक आहे की चेंडूफळीचा खेळाडू, असेही प्रश्न होते. नुकताच परदेशातून आलेला मनुष्य त्यांची उत्तरे कोठून देणार? तो नापास झाला, आणि त्याचे अज्ञान हेच त्याचे मांद्य ठरले. उद्या आम्ही परीक्षक झालो आणि वखर व कोळपे ह्यांत भेद काय, चाड्यावर मूठ कशी धरावी, असे प्रश्न काढिले, तर मोठमोठे प्रोफेसर मंदबुद्धी ठरतील!

शेतकऱ्याच्या बुद्धीची अशी परीक्षा खरोखरच घेतल्याचे उदाहरण आहे. अलेक्झांडर लुरिया हा रशियन मानसशास्त्रज्ञ १९३१ व १९३२ साली उझबेकिस्तानातील कापूस पिकविणाऱ्या खेड्यांत गेला होता. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका अशी चार चित्रे दाखवून, ह्यांत विजोड कोणते, असे तो विचारी. शाळा शिकलेला मनुष्य ओंडका वेगळा काढी, कारण बाकीची तीन हत्यारे. निरक्षर शेतकरी म्हणत की चारही वस्तू एकत्रच पाहिजेत; ओंडका नसेल तर करवत व कुऱ्हाड चालवावयाची कशावर? दुसरा प्रश्न असा की, दूर उत्तरेस जेथे बर्फ आहे तेथील सारी अस्वले पांढरी असतात. अमुक बेट उत्तरेस आहे. तर तेथील अस्वले कोणत्या रंगाची? ह्यावर कित्येकांचे उत्तर अशा आशयाचे असे की, आम्ही तेथे गेलो नाही, आणि जे पाहिले नाही त्याविषयी बोलणे बरे नव्हे. ह्या उत्तरांत शाळेचा तर्क नाही हे खरे. परंतु व्यापाऱ्याने ‘सर्वत्र भाव पडले आहेत, तेव्हा तुमच्याही बाजारात पडलेच असणार’ असे म्हटले असता, ‘पाहिल्याशिवाय मानीत नाही’ असे म्हणणाऱ्या शेतकऱ्यास आपण मूर्ख म्हणू काय?

पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया देशात क्पेले नावाचे भातशेती करणारे लोक आहेत. त्यांच्यात १९६० नंतरच्या दशकात काही अमेरिकन संशोधक गेले. खाण्याचे जिन्नस, हत्यारे, भांडी आणि कपडे अशा वीस वस्तू समोर ठेवून, त्यांची वाटणी करा, असे त्यांनी सांगितले. लोकांनी कुदळीजवळ कंद आणि चाकूजवळ फळ ठेविले, कारण शहाणा मनुष्य असेच करील, असे त्यांचे म्हणणे. पाहुण्यांस पाहिजे होते ते हे की हत्यारांजवळ हत्यारे व फळांजवळ फळे ठेवावी. शेवटी कंटाळून एकाने विचारले की, मूर्ख मनुष्य कशी वाटणी करील? तेव्हा त्यांनी चटकन खाद्यांचा ढीग वेगळा, हत्यारांचा वेगळा, अशी अगदी पाहुण्यांच्या मनासारखी वाटणी करून दाखविली. म्हणजे ती रीत त्यांस ठाऊक होती. पण त्यांच्या शहाणपणाच्या कल्पनेत ती बसत नव्हती. परीक्षकाने प्रश्न बदलला नसता, तर त्याच्या वहीत त्या साऱ्या गावाच्या नावापुढे शून्य मांडले गेले असते.

परंतु दूरच्या देशांतील परीक्षकांस दोष देणे सोपे आहे. आमच्या स्वतःच्या वहीतही असे एक शून्य आहे. एका वर्षी मृगाचा पहिला पाऊस बरा झाला. भोवतालच्या गावांत पेरणी सुरू झाली, आणि आम्हीही सोयाबीनच्या पिशव्या काढिल्या. आमच्या सालगड्याने खालच्या रानात टाचेने माती उकरून पाहिली. ती चार बोटे ओली होती, खाली फुफाटा. तो म्हणाला, ‘‘मालक, वरची ओल खालच्या ओलीला अजून भेटली नाही. आठ दिवस दम धरा.’’ त्याच आठवड्यात त्यास लेकीला सासरी पोचवावयास जावयाचे होते, हे आम्हांस ठाऊक होते. तेव्हा ही ओलीची गोष्ट म्हणजे रजेची युक्ती, असे आम्ही मनाशी ठरविले आणि पेरणी उरकली. पुढे वीस दिवस थेंब नाही. उगवलेले कोंब माना टाकून बसले, आणि बियाणे, खत व मजुरी ही सारी दुसऱ्यांदा घालावी लागली. वास्तविक ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, हीच कृषिखात्याची शिफारस आहे. ती आम्ही वाचलेली होती. वाचलेले आम्ही विसरलो, आणि न वाचताही ज्यास ते कळत होते त्याचे ऐकिले नाही. दुबार पेरणीच्या दिवशी तो एक अक्षर बोलला नाही. तिफण मात्र अधिकच काळजीने धरली. त्या मौनाने आम्हांस जितके शिकविले तितके कोणत्याही बोलण्याने शिकविले नसते.

आमची चूक कोठे झाली? मातीविषयी तो काय म्हणतो हे आम्ही ऐकिलेच नाही. तो असे का म्हणत असावा, ह्याचा शोध आमच्या मनाने आधीच लाविला होता. परीक्षकाचे मन परीक्षेत कसे शिरते, ह्याचे प्रसिद्ध उदाहरण एका घोड्याचे आहे. बर्लिन येथे फॉन ऑस्टेन नावाचे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांचा हान्स नामक घोडा बेरीज-वजाबाकी करून खूर आपटून उत्तर देई. १९०४ साली विद्वानांच्या मंडळाने त्याची तपासणी केली, पण तीत काही लबाडी आढळली नाही. पुढे ओस्कार फुंग्स्ट ह्या संशोधकाने १९०७ साली दाखविले की, विचारणाऱ्यासच उत्तर ठाऊक नसेल, किंवा घोड्यास विचारणारा दिसत नसेल, तर उत्तर चुकते. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हाले, आणि ते पाहून घोडा थांबे. त्यास गणित येत नव्हते. मनुष्याचा चेहरा मात्र त्यास मनुष्यापेक्षाही बारकाईने वाचता येत होता. जो घोड्यास कळतो तो आमचा चेहरा घरच्या गड्यास, सुनेस किंवा मागे पडलेल्या मुलास कळत नसेल काय? ‘ह्यास काय कळते’ असा भाव तोंडावर घेऊन प्रश्न विचारला, की समोरच्याची जीभ अडखळते. आणि ती अडखळली की आमची खात्री होते.

आणखी एक गोष्ट ऊस लावणाऱ्या वाचकांनी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. तामिळनाडूतील ५४ गावांतील ४६४ ऊस-बागायतदारांची परीक्षा काही अर्थशास्त्रज्ञ व मानसशास्त्रज्ञ ह्यांनी घेतली, आणि तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध केले. एकाच शेतकऱ्यास तोडीपूर्वी, म्हणजे हात आखडलेला असताना, आणि पुन्हा तोडीनंतर पैसा हाती आल्यावर, आकृत्यांतील गाळलेला भाग ओळखण्याची कोडी घातली. तोडीपूर्वी सरासरीने ४.३५ कोडी बरोबर सुटली, तोडीनंतर ५.४५. त्याच काळात वस्तू गहाण टाकलेल्यांचे प्रमाण तोडीपूर्वी शेकडा ७८ होते, ते नंतर शेकडा ४ वर आले. कारखाना पाळीपाळीने तोड देत असल्यामुळे, एकाच महिन्यात कोणी तोडीपूर्वीचा तर कोणी तोडीनंतरचा असे. तेव्हा फरक ऋतूचा म्हणता येत नाही. पुढे अमेरिकेत पगाराच्या दिवसाच्या आगेमागे अशीच पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. तीत असा फरक दिसला नाही. म्हणून ह्या विषयाचा शेवटचा शब्द अजून लिहिला गेला नाही, असे समजावे. तथापि चिंतेने मनुष्याचे मन व्यापले असता त्याची समज तात्पुरती झाकली जाते, हे घरच्या अनुभवावरून कोणासही पटेल. आणि आम्ही गरिबाच्या अकलेचे माप घेतो ते बहुधा केव्हा? तो उचल मागण्यास आमच्या दारी, किंवा कर्जाच्या अर्जासाठी सोसायटीच्या ओट्यावर मान खाली घालून उभा असतो तेव्हा! महिनाभर कोरडा पडलेल्या विहिरीच्या तळाशी दोर सोडून, हिला झराच नाही, असे म्हणण्यासारखे हे आहे.

ह्याच्या उलट, संधी मिळाली असता अशी झाकलेली बुद्धी काय करिते, ह्याचे उदाहरण आपल्याच प्रांतात आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तिसऱ्या इयत्तेपर्यंत शिकलेले आणि थोड्याशा जमिनीचे धनी होते. १९८३ साली ‘पटेल-३’ जातीच्या भातात त्यांस काही लोंब्या रंगाने निराळ्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढून ठेविल्या, पुढल्या हंगामात वेगळ्या लाविल्या, आणि वर्षानुवर्षे निवड करून जे बारीक तांदळाचे वाण सिद्ध केले, तेच पुढे एका घड्याळाच्या नावावरून ‘एचएमटी’ म्हणून सर्वत्र पसरले. त्यांनी आणखीही कित्येक वाणे निवडली. २००५ साली त्यांचा राष्ट्रीय पातळीवर गौरव झाला, आणि २०१८ साली ते निवर्तले. तशा लोंब्या दुसऱ्या कोणाच्या रानात कधी दिसल्याच नसतील, असे नाही. दिसणे निराळे, थांबून पाहणे निराळे, आणि पाहिलेल्याची पाच-सहा वर्षे पाठ धरणे त्याहूनही निराळे. बुद्धी म्हणजे काय, असे कोणी आम्हांस विचारले तर आम्ही ह्या तीन गोष्टी दाखवू. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे ह्यांनी शाळेचे तोंडही पाहिले नाही; देशी बियाण्यांच्या जतनाबद्दल त्यांस २०२० साली ‘पद्मश्री’ जाहीर झाली. बियाणे निवडून, राखेत घोळून, मडक्यात राखण्याचे काम घरोघर बायकाच करीत आल्या आहेत. पण रानात काय पेरावयाचे हे ठरविताना त्यांस विचारण्याची चाल किती घरांत आहे, हे ज्याचे त्याने पाहावे.

मग पारख करावी तरी कशी? आमच्या अल्प अनुभवावरून चार गोष्टी सुचवितो. पहिली ही की, बोलण्याआधी काम पाहावे, आणि तेही सरळ चाललेले नव्हे, अडलेले काम. पंप बंद पडला, गाय अडली, वाफ्याचा बांध फुटला, अशा वेळी कोण आरडाओरडा करितो आणि कोण आधी कारण शोधितो, ते ध्यानात ठेवावे. दुसरी ही की, ज्याची परीक्षा घ्यावयाची त्याच्याच रानातला प्रश्न विचारावा. मेंढपाळास मेंढ्यांविषयी, लोहारास पोलादाविषयी, आणि शाळेत मागे पडलेल्या मुलास तो ज्यात रमतो त्याविषयी. तिसरी ही की, कोणाचेही मत आपल्याहून वेगळे पडले तर ‘कशावरून म्हणतोस?’ एवढे विचारून, उत्तर येईपर्यंत गप्प बसावे. जाणत्याचे उत्तर सावकाश येते. ते येण्यापूर्वीच आपण बोलू लागतो, ही आपली मोठी खोड आहे. चौथी आणि सर्वांत खरी कसोटी ही की, चूक झाल्यावर तो मनुष्य काय करितो. चूक कोणाची चुकली आहे? परंतु एकच खड्डा दोनदा न लागणारा मनुष्य मिळाला तर त्यास सोडू नये, मग त्यास अक्षरओळख असो वा नसो.

ह्यावर कोणी म्हणतील की, मग शिक्षणाची गरजच काय? असा अर्थ कोणी काढू नये. लिहिणे-वाचणे हे बुद्धीचे अवजार आहे, आणि चांगल्या अवजारावाचून चांगला हातही थिटा पडतो. आमच्या सालगड्याजवळ पर्जन्यमापक व हवामानाचा अंदाज असता, तर त्याची टाच आणि ते यंत्र मिळून कितीतरी अचूक निर्णय झाला असता. अवजार नाही म्हणून हातच नाही, असे ठरवू नये, एवढेच आमचे म्हणणे. तसेच निरक्षर तो प्रत्येक जण जाणता, असेही नाही. मूर्खपणा काही शिकलेल्यांची खासगी मिरास नव्हे.

आता एक विनंती करून हा लेख पुरा करितो. पाडव्यास सालगड्याचा करार कराल तेव्हा धान्य, कपडा आणि रक्कम ह्यांची बोली झाल्यावर त्यास सोबत घेऊन एकदा रानातून फिरून या, आणि कोणत्या तुकड्यात काय चुकते आहे, असे त्यास मोकळ्या मनाने विचारा. संस्थेच्या सभेतही दाराशी बसणाऱ्या सभासदांस अध्यक्षांनी नाव घेऊन बोलते करावे. आरंभी ते ‘आम्हाला काय कळतं’ असेच म्हणतील, कारण आजवर आपण त्यांस तेच शिकविले आहे. दुसऱ्यांदा विचारा, तिसऱ्यांदाही विचारा. आम्ही त्या वर्षी एकदाही विचारले नाही, आणि त्याचा दंड एका पेरणीच्या रूपाने भरला.